पाळीवाल्या बाई आणि वहीचं डावं पान

मला उभं केलं ते पाळीवाल्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी घाबरणार, आणि घाबरले की मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते.

लालबागच्या त्या गल्लीत बाईंचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. पुरुषमाणसं ‘तळमजल्यावरच्या बाई’ म्हणत आणि घाईने पुढे जात. बायका आधी इकडेतिकडे बघत, मग आवाज खाली आणून विचारत, “पाळीवाल्या बाई इथेच ना?” बाई आतून खणखणीत आवाजात ओरडत, “इथेच! चप्पल बाहेर काढा आणि लाजपण बाहेरच ठेवा!” समोरचा इस्त्रीवाला दचकून इस्त्री उचलून धरी.

बाईंच्या भाच्याने हौसेने दारावर पाटी लावली होती, ‘होलिस्टिक न्यूट्रिशन, स्त्रियांच्या हार्मोन्सचे आरोग्य’. मी एकदा भीतभीत विचारलं, “बाई, होलिस्टिक म्हणजे काय?” त्या म्हणाल्या, “अख्खी बाई बघायची. नुसता रिपोर्ट नाय बघायचा.” बाईंचे वडील गिरणीत होते, आई देवगडकडची. बोलता बोलता चिडल्या किंवा माया आली की मालवणी बाहेर यायची. गृहविज्ञान शिकून परळच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांनी पेशंटांची ताटं ठरवण्यात आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर चाळीतल्या दोन खोल्या घेतल्या. बाहेरच्या खोलीत बाया बसायच्या, आतल्या खोलीत चूल, म्हणजे गॅस. तिथे काय खायचं ते करून दाखवायचं.

करून दाखवणारी मी होते.

मी बीडकडची. नववीत शाळा सुटली, कारण आईची गर्भाची पिशवी काढली. तिचं वय तेव्हा एकतीस. अंगावर जातंय म्हणून दाखवायला गेली आणि पिशवी काढूनच घरी आली. तिला काय खातेस, किती झोपतेस, किती ओझं उचलतेस, असं कुणी काही विचारलं नव्हतं. मग तिची हाडं दुखायला लागली, अंगाची आग व्हायला लागली, आणि घरचं सगळं माझ्याकडे आलं. पुढे धाकटी बहीण हाताशी आल्यावर करी रोडच्या मावशीने मला मुंबईला आणलं. मावशी बाईंना म्हणाली, “पोरगी शिकलेली नाही, पण भाकरी लई झकास करते.” बाईंनी परातीत ज्वारीचं पीठ घातलं आणि म्हणाल्या, “दाखव.” भीतीने माझी पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. बाईंनी ती फाटकीच खाल्ली आणि मावशीला म्हणाल्या, “तू जा आता. ही राहूं दे.”

नव्या बाईला बाई वजन विचारत नसत. समोर बसवायच्या आणि पहिला प्रश्न, “घरातलं शिळं कोण खातं?” मोठमोठ्या टॉवरमधल्या बायका गाडीतून यायच्या, मोबाइलमध्ये रिपोर्टचे फोटो घेऊन. हा प्रश्न आला की मोबाइल खाली ठेवायच्या. एक जण तर रडायलाच लागली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. म्हणाली, “टाकवत नाही हो. सकाळी मुलांच्या डब्यातलं उरलेलं, दुपारी सासऱ्यांचं, रात्री कालचा भात.” बाई म्हणाल्या, “म्हणजे घराची कचऱ्याची बादली तू. बादलीच्या पाळीचं वेळापत्रक कोण सांभाळणार?” ती रडता रडता हसली. बाईंचं असंच होतं. बोलणं काटेरी, पण समोरच्या बाईला लागायचं नाही.

मला मात्र सगळ्याची भीती वाटायची. फोनची, लिफ्टची, रिपोर्टवरच्या इंग्रजी अक्षरांची. सगळ्यात जास्त भीती एका प्रश्नाची, ‘तुम्ही किती शिकलात?’ कुणी आतल्या खोलीत डोकावलं की मी डबे पुसायला वळायची. एकदा एका मॅडमनी थेट विचारलंच, “तुम्ही क्वालिफाइड आहात का?” मी डबा उचलून पुसायला लागले. बाई बाहेरूनच म्हणाल्या, “सांग ना गो. काय खरं असेल ते सांग.” मी म्हटलं, “नववी.” मॅडमनी भुवया वर केल्या. बाई म्हणाल्या, “ती तुम्हाला नाचणीची भाकरी शिकवतेय. नववीवाल्या बाईची भाकरी फुगते. तुमची फुगली की मग तिला परत विचारा.” मॅडम गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, “नववीची लाज नाय. पण कुणाला दहावी सांगितलीस ना, तर त्याच दिवशी मावशीकडे परत.”

हळूहळू बाईंनी मला वहीवर बसवलं. ती वही हे बाईंचं खास काम होतं. प्रत्येक बाईला दोन समोरासमोरची पानं. डाव्या पानावर ती जे बोलली ते, तिच्याच शब्दांत. उजव्या पानावर आपण काय सांगितलं ते. मी पहिल्या आठवड्यात एका डाव्या पानावर ‘अशक्तपणा’ असं लिहिलं. बाईंनी विचारलं, “ती अशक्तपणा म्हणाली?”

“नाही. म्हणाली, दुपारी अंगातून कुणीतरी काढून नेल्यासारखं होतं.”

“मग तेच लिही. अशक्तपणा हा तुझा शब्द. तुझा शब्द उजव्या पानावर. डावं पान तिचं.”

आणि दुसरी शिकवण, जी त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, “आपलं राज्य ताटाच्या कडेपर्यंत. कडेच्या पलीकडे डॉक्टर.” कुणी गोळीचं विचारलं, गाठीचं विचारलं, जास्त रक्त जातंय म्हणाली की बाई चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवायच्या आणि गेली का नाही ते फोन करून विचारायच्या. मला वाटायचं, बाईंना एवढं येतं, मग कशाला पाठवतात? मला तर दोन वर्षांत मेथी, तीळ, जवस, कुळीथ यांचं एवढं कळायला लागलं होतं की बायका माझंच ऐकायच्या. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मला जरा कमीच भीती वाटत होती. चूक झाली ती तेव्हाच.

सायली नावाची मुलगी आषाढात आली होती. नवं लग्न, करी रोडला सासर, सासरचं मूळ गाव गुहागरकडे. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. तिचं डावं पान मीच लिहिलं. बाईंनी तिला औषध वगैरे काही दिलं नाही. सकाळचा नुसता चहा-खारी बंद करून पोटभर नाश्ता, रात्रीचं जेवण वेळेवर, झोप, आणि सासूबाईंच्या आधी जेवायचं नाही हा घरचा नियम नवऱ्याकडून मोडून घ्यायचा, एवढंच. पाळी रुळावर आली. सायली पेढे घेऊन आली. आम्ही तिघींनी खाल्ले.

पण पाळी रुळावर आली म्हणजे तारीख ठरली. आणि ती तारीख आली नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी.

त्यांच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सुपांत फळं, भाज्या, पानं भरून गौरीला ओवाळायचं. आणि गौरी पूर्वा नक्षत्रात आली त्याच वर्षी तो करायचा, नाहीतर पुन्हा तसा योग येईपर्यंत थांबायचं. त्या वर्षी योग होता. गावी जायच्या दिवशी सकाळी सायलीचा फोन आला. बाई दादरला गणपतीच्या खरेदीला गेल्या होत्या. फोन मी घेतला.

“ताई, उजवी पोटरी दगडासारखी झालीय. चालताना ओढ बसते.”

मी विचारलं, “पाणी पितेस ना?”

“पिते. ताई, एक सांगू? बाईंना नका सांगू हां, त्या फाडून खातील. मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतेय. आठ दिवस झाले. सासूबाईंनी आणून दिल्या. ओवसा आहे ना.”

मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरंच बरं वाटलं. बाईंना सांगत नाही ते ती मला सांगते, असं वाटलं. मी म्हटलं, “नाही सांगत. पोटरीचं काही नाही, सगळ्यांची दुखते. केळं खा, तीळ खा. कोमट तेलाने चोळ जरा.”

मग वही काढली. डाव्या पानावर तिचे शब्द लिहिले, ‘उजवी पोटरी दगडासारखी, चालताना ओढ बसते’. उजव्या पानावर केळं, तीळ, कोमट तेलाचं मालिश. गोळ्यांचं लिहिलं नाही. शब्द दिला होता.

बाई चारच्या सुमारास आल्या. पिशव्या ठेवल्या, चहा घेतला आणि रोजच्यासारखी वही उघडली. मी आत पीठ चाळत होते. बाहेर कप बशीवर आपटल्याचा आवाज आला.

“इकडे ये.”

मी पिठाच्या हातांनीच गेले. बाईंनी सायलीचं आषाढातलं पान काढून ठेवलं होतं, माझ्याच अक्षरातलं. त्यांनी बोट ठेवलं, ‘माझ्या वेळेला बाळंतपणात आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती’. मीच लिहिलेलं. माझ्या डोक्यातून साफ गेलेलं.

“एकच पाय?”

“होय.”

“सुजलाय का?”

“विचारलं नाही.”

“अजून काय म्हणाली?”

मी हातांचं पीठ झाडायला लागले.

“बोल गो. मी ओरडणार नाय. ओरडायला वेळ नाय आता.”

मी गोळ्यांचं सांगितलं. “त्या गोळ्यांनी पण गुठळी होते गो, आणि चोळली की ती वर सरकते,” बाई म्हणाल्या. त्यांनी सायलीला फोन लावला. उचलला नाही. तिच्या नवऱ्याला लावला, तोही नाही. “बस किती वाजता?” मी म्हटलं, “पाच, करी रोडच्या पुलाच्या पलीकडून सुटते म्हणाली होती.” बाईंनी चप्पल घातली. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या मासळी बाजारापर्यंतही चालायच्या नाहीत. त्या दिवशी टॅक्सी रस्त्यावर हलत नव्हती, चोहोकडे मंडपांचे बांबू आणि माणसं. आम्ही चालत निघालो. चालता चालता मी रडत म्हणाले, “बाई, तिचं काही झालं तर?” त्या म्हणाल्या, “चाल.” पुढे पुन्हा विचारलं तर पुन्हा, “चाल.”

ती दहा-पंधरा मिनिटं मला अजून झोपेतून उठवतात. आईला कुणी काही विचारलं नाही म्हणून मी या कामाला लागले, आणि ही पोरगी स्वतःहून सगळं सांगत होती तर मी तिला तेल चोळायला सांगितलं.

बस उभी होती. टपावर सामान चढत होतं. सायलीची सासू दारात नवीकोरी सुपं छातीशी धरून उभी. सायली आत खिडकीशी. बाईंनी दम लागलेला असतानाच सांगितलं, “सायलीला उतरवा. आत्ता दवाखान्यात न्यायची आहे.”

“काय झालं तिला? चांगली आहे की!” सासूबाई म्हणाल्या. “आणि बाई, तुम्ही पण? गौरी पूर्वेत आल्यायत. परत कधी येतील, पंचांग तुम्ही बघणार?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “सांग त्यांना.”

मला वाटलं होतं बाई सांगतील. त्या सांगणार नव्हत्या. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “सकाळी तिने मला फोन केला. एक पाय दुखतो म्हणाली. गोळ्या घेतेय म्हणाली. मी तेल चोळायला सांगितलं. चुकीचं सांगितलं. तिच्या आईला गुठळी झाली होती, ते मला माहीत होतं आणि मी विसरले.”

सासूबाई माझ्यावर चवताळल्या. “तू कोण? भाकऱ्या भाजणारी ना तू?”

“व्हय,” मी म्हटलं. घाबरले की माझी गावची बोली येते. “भाकऱ्याच भाजते. म्हणून तर माझं ऐकू नका. डॉक्टरकडं न्या. गाडीत इतके तास पाय लोंबकळत ठेवून नका नेऊ.”

“आई, मला श्वासपण जरा...” सायली खिडकीतून एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या नवऱ्याने तिला खाली उतरवलं. बाईंनी तिथेच फुटपाथवर गुडघे टेकले, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि तिच्या साडीचा काठ वर केला. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी. एक पोरीची होती. दुसरी फुगलेली, चकचकीत, भलत्याच कुणाची तरी असावी तशी.

सासूबाईंनी बघितलं. सुपं खाली ठेवली. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “आमच्या दोन बॅगा खाली काढ.” आणि स्वतःच्या नवऱ्याला, “तुम्ही देव घेऊन पुढे व्हा. गणपतीला सांगा, सून आजारी आहे. त्याला काय कळत नाही?”

गुठळी निघाली. पायातून थोडी छातीकडेही सरकायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत हे बरं झालं. त्यापुढे ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, कानात नुसता आवाज होत होता. सायली पुष्कळ दिवस औषधावर राहिली आणि बरी झाली. महिन्याभराने तिची सासू एकटीच आमच्याकडे आली. पदराशी चाळा करत म्हणाली, “मला पण सारखा घाम फुटतो. उगाच रडू येतं. कुणाला सांगणार?” बाईंनी वही माझ्याकडे सरकवली. सासूबाईंच्या डाव्या पानावर माझं अक्षर अजून वेडंवाकडं दिसतं.

पण ती महिन्यानंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर मी कपड्यांची पिशवी भरली होती.

“कुठे?” बाईंनी विचारलं.

“गावाला.”

“भ्यालीस?”

“हो.”

“बरं झालं. गेले सहा महिने तू भीत नव्हतीस. मलाच भीती वाटत होती तुझी.” मग खुर्चीत बसल्या, गुडघ्यावर हात चोळत. “भिणारी बाई दुसऱ्यांदा विचारते. न भिणारीच्या हाताखाली मी माझं मांजर पण ठेवणार नाय. पण लपवलंस ते वाईट. बाईने आपल्याला सांगितलेली गोष्ट ही लाडू नव्हे, एकटीने डब्यात लपवून ठेवायला. पिशवी रिकामी कर. उद्या सतरा नंबरचा फॉर्म आणायचा.”

बाहेरून दहावीला बसण्याचा तो फॉर्म. मी गणिताला दोनदा बसले. बाई संध्याकाळी समोर बसवून शेकडेवारी शिकवायच्या, डाळीतल्या प्रथिनांवर. पास झाले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले नाहीत. म्हणाल्या, “आता बारावी.”

बारावीचा अभ्यास चालू असताना एका दुपारी बाई एका बाईचा थायरॉइडचा रिपोर्ट वाचत होत्या. आकडा मोठ्याने म्हणाल्या आणि त्यावरून समजवायला लागल्या. मी मागे उभी होते. आकड्यात दशांशाचं टिंब होतं. ते बाईंनी वाचलं नव्हतं. बाईंना, तेही पेशंटसमोर, मी चूक म्हणू? पण मी म्हटलं, “बाई, मध्ये टिंब आहे.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे केला. मग त्या बाईला शांतपणे म्हणाल्या, “मी चुकले. माझ्या डोळ्यांना टिंब दिसलं नाही.” ती गेल्यावर वही मिटली. “आजपासून बंद.”

मी पाया पडले, हट्ट केला. म्हटलं, मी वाचून दाखवेन, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे शिक्षणाचा कागद नाय, माझ्याकडे डोळे नाय. दोन अर्ध्या मिळून एक पुरी होत नाय गो. बायांच्या जिवाशी खेळ नको.” एका महिन्यात त्यांनी सगळ्या बाया दादरच्या एका शिकलेल्या आहारतज्ज्ञ मॅडमना सोपवल्या. मलाही त्यांच्याकडेच लावून दिलं, मदतनीस म्हणून. खोली रिकामी करून त्या देवगडला बहिणीकडे गेल्या. निघताना मी रडत होते. त्या म्हणाल्या, “काय ता रडणं? अभ्यास कर.” आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसल्या. त्यांना मी नीट दिसत तरी होते का, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मी दादरला हिंदमाताजवळ पेइंग गेस्ट म्हणून राहते. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्यानंतर पोषणाचा कोर्स, त्यालाही वर्षं लागतील. रोज भीती वाटते. पेपरची वाटते, मॅडमकडे येणाऱ्या प्रत्येक बाईची वाटते, फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. दर रविवारी बाईंना फोन करते. डोळ्यांचं विचारलं की त्या विषय बदलतात आणि विचारतात, गणित कुठवर आलं.

बाई, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून इथेच सांगते. माझ्या हातात कागद आला की मी देवगडला येणार. तुमच्या बहिणीच्या पडवीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाकडं टाकू. गावातल्या बाया येतील, ज्यांना कुणीच काही विचारलेलं नाही अशा. रिपोर्ट मी वाचीन, टिंबासकट, मोठ्याने. सांगायचं ते तुम्ही सांगा. तेव्हा मी अर्धी नसेन. हे ऋण मला फेडायचं आहे, आणि मी ते फेडणार. तोवर तुम्ही फक्त थांबा.